शिकेकाई म्हणजे साबण नव्हे

मी घाबरट आहे, हे आधीच कबूल करून टाकते, म्हणजे पुढं तुम्ही हसायला लागलात की मला वाईट वाटणार नाही. कुकरची शिट्टी मला दर वेळी नव्यानं दचकवते. दारावरची बेल वाजली की मी आधी श्वास धरते आणि मग ठरवते की आपण घरात आहोत की नाही. आणि फोन? अनोळखी माणसाला फोन करायचा म्हटलं की मी आधी कागदावर सगळं बोलणं लिहून काढते. माझंही आणि त्याचंही. पंचाईत अशी, की समोरचा माणूस त्याचा भाग पाठ करून येत नाही.

अशा मुलीच्या हाती कुणी गरम पाण्याचा टब सोपवावा का? पण सोपवला. त्या टबाचं मी गेल्या दिवाळीत जे काही केलं, त्यानंतर आमच्या घरात मी खोलीत शिरले की लोक पटकन विषय बदलतात. तुमचा चहा गार व्हायच्या आत सांगून टाकते.

आधी अक्का. अक्का म्हणजे माझी आत्या. आमचं घराणं बेंगळुरात इतक्या पिढ्या राहिलंय, की आमच्या मराठीत कानडी कुठं सुरू होते ते आम्हालाच कळत नाही. पुण्याचे पाहुणे आले की पहिले दोन दिवस नुसते हसून माना डोलावतात. तर ही अक्का बनशंकरीत तिच्या लहानशा दुमजली घरात राहते, आणि दोन वर्षांपासून मी तिच्याकडं असते. माझं ऑफिस महादेवपुऱ्यात, पण बहुतेक काम घरूनच. लोकांना वाटतं, मी अक्काची काळजी घ्यायला राहते. अक्का त्यावर काही बोलत नाही. फक्त वीज कडाडली की उठून माझ्या खोलीचं दार लोटून बघते.

अक्काला संधिवात आहे, हातांचा. सकाळी उठते तेव्हा दोन्ही हातांच्या घट्ट मुठी झालेल्या असतात, आणि दहा वाजल्याशिवाय त्या उघडत नाहीत. एके काळी हीच बाई गप्पा मारता मारता, हाताकडं न बघता, मल्लिगेच्या, म्हणजे मोगऱ्याच्या, माळा बांधायची. सुई नाही, काही नाही. केळीच्या सोपटाचा दोरा आणि बोटं. गल्लीतल्या प्रत्येक लग्नात, बारशात, देवाच्या फोटोवर अक्काची माळ. मग बोटं थांबली आणि माळा दुकानातून यायला लागल्या. 

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रोज सकाळी गरम पाण्यात बसून हातांचे व्यायाम करा. हे कॅनडातल्या श्रीदादाच्या, म्हणजे अक्काच्या मुलाच्या, कानावर गेलं. आमच्या दादाला कुठलीही गोष्ट लहान करता येत नाही. त्यानं थेट गच्चीवर पत्र्याच्या छपराखाली दोन माणसांचा टबच बसवून घेतला. आतून पाण्याच्या धारा मारणारा, बुडबुडे सोडणारा, बटणांचा.

बसवायला आले ते मंजण्णा. पन्नाशीचे, शांत, कानावर पेन्सिल. त्यांनी मला तासभर कानडीत सगळं समजावून सांगितलं. मी तासभर मान हलवली. एक अक्षर डोक्यात शिरलं नाही, कारण समोर अनोळखी माणूस उभा होता. जाताना त्यांनी दोन गोष्टी हातात दिल्या. एक टबाच्या कंपनीचं साठ पानांचं इंग्रजी पुस्तक, आणि दुसरा प्लॅस्टिकच्या पाकिटातला एक पानी कानडी कागद, त्यांनी स्वतः छापून घेतलेला. पुस्तक मी तीनदा वाचलं, पेन्सिलनं खुणा करून. कानडी कागदही वाचता आला असता, शाळेत शिकलेय मी. पण साठ पानी इंग्रजी पुस्तक हातात असताना एका पानात असं काय वेगळं असणार? म्हणून तो जपून ठेवला. फार जपून.

दादानं फोनवर एवढंच सांगितलं, "रेणू, काही वाटलं ना, तर लगेच मंजण्णांना फोन कर. स्वतः काही करत बसू नकोस. आणि टब बंद पडू देऊ नकोस. तिचे हात त्यावर अवलंबून आहेत."

"हो दादा."

आणि ते खरंच होतं. दुसऱ्या महिन्यापासून अक्काच्या मुठी साडेसातलाच उघडायला लागल्या. मग ती ब्लाउजची बटणं स्वतः लावायला लागली. एके दिवशी माझ्या पाठीमागं येऊन बसली आणि म्हणाली, "हाल नकोस." आणि माझी वेणी घातली. मी अठ्ठावीस वर्षांची आहे. जरा वाकडी झाली होती, पण मी ती दोन दिवस सोडली नाही.

मग आली दिवाळी.

आमच्याकडं दिवाळी दिव्यांच्या आधी पाण्यानं सुरू होते. नरकचतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी न्हाणीघर घासूनपुसून, तांब्याचा हंडा लख्ख करून, त्याला कुंकवाची बोटं ओढून, गळ्यात माळ घालून त्यात पाणी भरायचं. इथं त्याला पाणी भरायचा हब्बच म्हणतात, हब्ब म्हणजे सण. आता हंडे कुठं राहिलेत? गेली कित्येक वर्षं आम्ही गीझरलाच कुंकू लावतो. गीझर बिचारा काही म्हणत नाही.

त्या वर्षी अक्का म्हणाली, "गीझर बेडा, नकोच तो. वरती एवढा मोठा हंडा आहे की."

मी हसले. मग वाटलं, खरंच की. त्या दिवशी दुपारभर अक्का फुलं घेऊन बसली. तीन वर्षांनी. माळ हळूहळू वाढत होती, मध्येच एखादं फूल निसटत होतं, ते ती पुन्हा उचलत होती. संध्याकाळी ती माळ आम्ही टबाच्या कडेनं फिरवली. मी बाहेरच्या बाजूला स्वस्तिक काढलं. दादाला फोटो पाठवला. त्यानं लाल बदामांची रांग पाठवली.

इथपर्यंत सगळं शोभिवंत आहे, बघा. इथंच थांबले असते तर आज तुमच्यासमोर मान वर करून बसले असते.

पण अक्का टबाच्या कडेला टेकली आणि सहज म्हणाली, "उद्याचं अभ्यंग मात्र नावालाच. दोन वर्षं झाली नीट तेल लावून न्हाऊन. तांब्या धरवत नाही गे. शॉवरखाली काय न्हाणं होतं? पावसात उभं राहिल्यासारखं."

आणि मी बोलून गेले, "अग अक्का, मग टबातच बस की."

"बेडा बेडा. पुस्तकात काही लिहिलं असेल."

"मी पुस्तक तीनदा वाचलंय."

पुस्तक आणलं. त्यात स्पष्ट होतं: साबण वापरू नये, सुगंधी तेलं वापरू नयेत. मी दोन मिनिटं विचार केला. तिळाचं तेल काही सुगंधी नसतं. शिकेकाई म्हणजे साबण नव्हे. झालं, प्रश्न मिटला. माझ्या कॉलेजच्या शिक्षणाचं त्या संध्याकाळी सार्थक झालं.

पहाटे उठून मी तेल कोमट केलं. वाटी वर नेली. टबाच्या पांढऱ्या कडेला तेलाचा डाग पडू नये म्हणून गच्चीवरच्या कपाटाच्या खणात हात घातला, हाताला एक प्लॅस्टिकचं काहीतरी लागलं, ते वाटीखाली ठेवलं. इतकी मी काळजी घेणारी. मग अक्काच्या डोक्याला, पाठीला, आणि शेवटी हातांना तेल लावलं. एकेक बोट सावकाश. अक्का पाण्यात उतरली, गळ्यापर्यंत, आणि तिनं डोळे मिटले. दोन वर्षांची थंडी एकदम उतरल्यासारखा चेहरा. मग मी शिकेकाई चोळली. वाडगाभर. तेल भरपूर होतं ना.

"आता ते बुडबुडे सोड की," अक्का डोळे मिटूनच म्हणाली.

मी बटण दाबलं.

तुम्ही कधी वाडगाभर शिकेकाई मिक्सरमध्ये फिरवून पाहिलीय? नसेल तर नका पाहू. पहिल्यांदा पाण्यावर तपकिरी साय आली. मग ती साय फुगायला लागली. मग ती टबाच्या काठाशी आली, माळेवरून पलीकडं गेली, आणि अक्काच्या हनुवटीपर्यंत पोचली. मी घाबरून दुसरं बटण दाबलं. ते बंद करायचं नव्हतं, ते जोर वाढवायचं होतं.

"रेणू," फेसातून आवाज आला, "मी दिसते का?"

"डोकं दिसतंय."

"मग सरी, चालेल."

फेस गच्चीवर पसरला आणि पन्हाळीतून खाली निघाला. खाली शेजारच्या पद्मम्मा दारात रांगोळी काढत होत्या. त्यांचा आवाज आला, "अक्का, वरती काय उतू गेलं हो?"

"हंडा," अक्कानं फेसातूनच सांगितलं.

"उतू गेलेलं चांगलंच असतं. नव्या घरात आपण दूध उतू घालवतोच की. पण स्वल्प माझी रांगोळी सोडून घालवा."

तेवढ्यात टब एकदा कण्हला. बारीक पी पी आवाज आला, बटणांच्या पट्टीवर तीन इंग्रजी अक्षरं लुकलुकायला लागली, आणि सगळं थांबलं. मी लांबूनच केरसुणीच्या दांड्यानं भिंतीवरचा खटका बंद केला. अक्काला हात देऊन बाहेर काढलं, खाली नेऊन गीझरच्या पाण्यानं धुतलं. ज्या गीझरला त्या वर्षी कुंकूही लावलं नव्हतं, त्याच गीझरच्या.

आता कुणीही शहाणा माणूस काय करेल? मंजण्णांना फोन करेल. मीही कागद घेऊन बसले. लिहिलं, नमस्कार, मी रेणुका, बनशंकरीहून. आमच्या टबात जरा तेल गेलंय. मग त्यांचा भाग लिहिला: किती? मग माझा: एक वाटी. मग त्यांचा: टबात तेलाची वाटी कशी गेली? मग माझा: वाटी नाही गेली, आत्या गेली. इथं कागद फाडला.

मी ठरवलं, हे आपणच निस्तरायचं. इंटरनेटवर शोधलं. टब बिघडल्यावर जाणकाराला केव्हा बोलवावं याच्या खुणांची एक मोठी यादी मिळाली. पाणी गरम होत नाही? हो. पट्टीवर अक्षरं दिसतात? हो. आवाज? हो. पाणी गढूळ? ते तर रश्श्यासारखं दिसत होतं. एकेक करून सगळ्या खुणा जुळल्या, फक्त शेवटची उरली: जळका वास. मी टबावर वाकून वास घेतला. शिकेकाईचा येत होता, जळका नव्हता. मला केवढं हायसं वाटलं. म्हणजे अजून तशी वेळ आलेली नाही.

मग माझी दुरुस्ती सुरू झाली. टबाचा फिल्टर बाहेर काढला. पांढऱ्याशुभ्र चुण्यांचं ते नळकांडं भरल्या वांग्यासारखं तेलानं माखलं होतं. तो फिल्टर मी मोठ्या पातेल्यात धुण्याचा सोडा घालून उकळला. अर्ध्या तासानं झाकण काढलं तर चुण्या सुटून तो बाजाच्या पेटीच्या भात्यासारखा पसरला होता. पाण्यावरचं तेल वर्तमानपत्रांनी टिपलं. मग अक्काच्या जुन्या सुती साडीनं टिपलं. तरी तवंग जाईना. मग विचार केला, तेलकट कढई कशानं निघते? भांड्यांच्या साबणानं. अर्धी बाटली ओतली. बटण मात्र पुन्हा दाबायचा धीर झाला नाही. खटका बंद तो बंदच.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का जिन्याशी आली. "आज टब?"

"उद्या, अक्का. पाणी जरा मुरू दे."

"पाणी कधी मुरतं गे? लोणचं आहे का ते?"

"उद्या नक्की."

"मंजण्णांना फोन केलास?"

"करते."

तिसऱ्या दिवशीही हेच. भाऊबीजेला, म्हणजे चौथ्या सकाळी, दादाचा निरोप आला: थोड्या वेळात व्हिडिओ कॉल करतो, आईला टबात बसलेली दाखव, मित्रांना दाखवायचंय.

इथं अजून एक संधी होती. "दादा, टब बंद आहे." चार शब्द. मी काय केलं? गीझरच्या तीन बादल्या पाणी वर नेऊन टबात ओतलं, वाफ दिसावी म्हणून. अक्काला काठावर बसवून तिचे पाय पाण्यात सोडले. फोन समोरच्या स्टुलावर टेकवला. आणि स्वतः टबाच्या मागं पालथी पडले. हातात बागेचा पाइप, एक टोक पाण्यात, एक माझ्या तोंडात.

अक्का माझ्याकडं बघत राहिली. 

"हॅपी दिवाळी आई. कशी आहेस?"

"बरी आहे. तू जेवलास?"

मी फुंकायला सुरुवात केली. बुडबुडे आले.

"धारा जरा कमी वाटतात गं."

मी जोरात फुंकलं. डोळ्यांसमोर काजवे चमकले.

"आता बऱ्या झाल्या. पण एकाच बाजूनं येतायत का?"

मी पाइप सरकवला. भांड्यांचा साबण आता रंगात आला होता. टबातून एक मोठा फुगा वर आला, अक्काच्या डोक्यावरून तरंगत गेला. मग आणखी दोन.

"आई, फुगे उडतायत."

"दिवाळी आहे," अक्का म्हणाली.

"रेणू कुठं आहे?"

"इथंच. कामात आहे."

बोलणं संपलं. मी जमिनीवर पडून धापा टाकत होते. दादा म्हणाला, "बरं आई, ठेव आता." स्टूल अक्काच्या समोरच, हाताच्या अंतरावर होतं. ती नुसती फोनकडं बघत बसली. मग हळू आवाजात म्हणाली, "रेणू, ते लाल बटण तूच दाब."

मी उठून दाबलं. आणि मग तिच्या हातांकडं पाहिलं. सगळा वेळ तिनं ते पदराखाली मांडीवर ठेवले होते. मुठी. घट्ट, गेल्या वर्षीसारख्या.

मला एकेक आठवायला लागलं. परवा ती कॉफीचा लोटा दोन मनगटांत धरून पीत होती. मला वाटलं, हात शेकतेय. काल तिनं बटणांचं ब्लाउज सोडून सैल गाऊन घातला होता. मला वाटलं, दिवाळीची दमलीय. दुधाची पिशवी फोडायला तिनं मला हाक मारली होती. मला वाटलं, लाड करतेय. चार दिवस मी तिच्यापासून टब लपवत होते, आणि ती माझ्यापासून हात.

"अक्का, सांगितलं का नाहीस?"

"सांगून काय? तू आधीच घाबरलेली. म्हटलं, स्वल्प धीर येऊ दे हिला." मग थांबून म्हणाली, "तुळशीच्या लग्नाला माळ दुकानातून आणू यंदा. काय होतं त्यात?"

तिनं ते अगदी सहज म्हटलं.

मी फोन उचलला. कागद घेतला नाही. माझे हात निदान उघडत तरी होते.

"हलो?" पलीकडून मंजण्णा. पुढचं सगळं कानडीत झालं, मी तुम्हाला आपल्या भाषेत सांगते.

"मी... बनशंकरीहून... टब..."

"बनशंकरी? टब?" ते म्हणाले. "तेल का?"

मी फोन ठेवून दिला.

खरंच ठेवून दिला. त्यांना कसं कळलं? पद्मम्मा बोलल्या? दादानं ओळखलं? मी फोनकडं बघत बसले, तोवर तो वाजला, आणि मी दचकले.

"मॅडम, घाबरू नका," मंजण्णा म्हणाले. "एवढंच सांगा, तिळाचं की खोबऱ्याचं?"

"तिळाचं."

"शिकेकाई?"

"...हो."

"सरी. दुपारी येतो."

दुपारी आले तेव्हा त्यांच्या पिशवीतून नव्या फिल्टरचं डोकं बाहेर दिसत होतं. मी न सांगता आणलेला. त्यांनी टबात एकदा पाहिलं, माझ्याकडं एकदा पाहिलं.

"तेल नुसतं असतं तर त्याच दिवशी सुटलं असतं. हा भांड्यांचा साबण कुणी घातला?"

मी कुंडीकडं बघितलं.

"आणि हा फिल्टर कुणी शिजवला?"

मी दुसऱ्या कुंडीकडं बघितलं.

"नंतर पंप परत चालू केला होता?"

"नाही. भीती वाटली."

"ती एक भीती बरी बाळगलीत," ते म्हणाले. "चालू केला असता तर पंप जळला असता, आणि अक्कांना महिनाभर पाणी मिळालं नसतं. यंत्र कण्हलं की त्याला हात न लावणं हे शहाणपण आहे. पण मग फोनलासुद्धा हात लावायचा नाही, हे काय?"

त्यांनी टब रिकामा केला, आतून पुसला, नळ्या धुतल्या. मी विचारलं, "तुम्हाला फोनवरच कसं कळलं?"

"हब्बाच्या आठवड्यात या भागातून फोन आला की मी दुसरं काही विचारतच नाही. दर दिवाळीला चार-पाच घरं तरी असतात. बाकीचे त्याच सकाळी करतात फोन. तुमचाच यंदा सगळ्यात उशिरा."

 जी लाज मी चार दिवस उशाशी घेऊन झोपले, ती या माणसाच्या पिशवीत आधीच नव्या फिल्टरच्या रूपानं तयार होती. मला वाटत होतं, असा वेडेपणा जगात मी एकटीनंच केलाय. एवढंही माझं एकटीचं नव्हतं. आपण ज्याला जगावेगळं समजून दडवतो, ते कुणाचं तरी रोजचं काम असतं. त्याला त्यात हसण्यासारखंही काही वाटत नाही, नुसतं पान्याचं माप आठवतं. तेव्हापासून माझं एक मत झालंय. जाणकाराला केव्हा बोलवावं, याच्या खुणा यंत्रात शोधू नयेत. आपण टबामागं पालथं पडून पाइपातून फुंकायला लागलो, की समजावं, फोन करायची वेळ कालच होऊन गेली.

संध्याकाळपर्यंत टब भरला. पाणी तापायला लागलं. मंजण्णा हात पुसत म्हणाले, "पण मॅडम, मी तुम्हाला कागद दिला होता ना? दर वर्षी हे होतं म्हणूनच छापून घेतला तो. वाचला नाहीत?"

मी जरा ताठ झाले. चार दिवसांत पहिल्यांदाच माझ्याकडं सांगण्यासारखं काहीतरी होतं. "वाचायचा राहिला," मी म्हणाले, "पण अगदी जपून ठेवलाय. आणते."

गच्चीवरच्या कपाटाचा खण उघडला. कागद नव्हता. खालचा खण उघडला. नव्हता. पुस्तकाची साठ पानं झटकून पाहिली.

"रेणू," मागून अक्का म्हणाली, "हा का बघ."

टबाच्या कडेला, चतुर्दशीच्या पहाटेपासून कुणी न हलवलेली तेलाची वाटी तशीच होती. अक्कानं मनगटानं ती बाजूला सरकवली. खाली प्लॅस्टिकचं पाकीट. त्यावर तेलाचं गोल कडं. मंजण्णांनी पाकीट उचललं, बाहीला पुसलं, आणि शाळेतल्या मास्तरांसारखं मोठ्यानं वाचलं. ठळक कानडी अक्षरांत तीनच ओळी होत्या.

हब्बाचं तेल लावून टबात बसू नये.

शिकेकाई हाही साबणच समजावा.

झालंच, तर लाजू नका, लगेच फोन करा.

 मंजण्णांनी कागद माझ्या हातात दिला. "डाग मात्र पडू दिला नाहीत टबावर," ते म्हणाले, आणि जिना उतरून गेले.

दादाला मी त्याच संध्याकाळी सगळं सांगितलं. त्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाला, "म्हणजे त्या धारा तू होतीस?"

तुळशीच्या लग्नाला अक्कानं माळ स्वतः बांधली. आखूड झाली, दोन ठिकाणी फुलं विरळ होती, पण दोरा तिच्या हातचा होता. शेवटी चार बोटं तुकडा उरला. तो तिनं वर नेऊन, आता मी टबाशेजारी खिळ्याला टांगलेल्या त्या कागदाला घातला. तेव्हापासून माझी एक सवय झालीय. रोज सकाळी अक्का पाण्यात बसली, की बटण दाबायच्या आधी मी त्या तीनही ओळी पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचते. दिवाळीला अजून किती का महिने असेनात.

अक्का डोळे मिटून, हात पाण्यात सोडून थांबते. मग विचारते, "झालं का गे स्तोत्र?"